दहाव्या गुरूंचं घराणं

चारकोपहून पहाटे दादर गाठून तपोवन एक्स्प्रेस पकडली, की डब्यावरच्या पाटीवर ‘हुजूर साहिब नांदेड’ दिसतं. हे नाव ज्यांच्यामुळे पडलं, ते गुरू गोविंदसिंग मूळचे पाटण्याचे. जन्म २२ डिसेंबर १६६६. आई गुजरी. वडील, नववे गुरू तेगबहादूर, तेव्हा पूर्वेकडच्या दौऱ्यावर होते.

चौथे गुरू रामदास (आपले समर्थ नव्हेत!) यांच्यापासून गुरुपद सोढी घराण्यातच राहिलं. पण थोरल्याचाच हक्क, असा नियम नव्हता. आठवे गुरू हरकृष्ण लहानपणीच वारले आणि गादी आली त्यांच्या चुलत आजोबांकडे, म्हणजे तेगबहादुरांकडे.

या घराण्याने किंमतही जबर मोजली. गोविंदसिंगांचे पणजोबा अर्जुनदेव १६०६ मध्ये लाहोरला, वडील १६७५ मध्ये दिल्लीला मुघलांच्या हुकमाने मारले गेले. गोविंद राय, म्हणजेच पुढचे गोविंदसिंग, नवव्या वर्षी गुरू झाले. पुढे थोरले मुलगे अजितसिंग आणि जुझारसिंग चमकौरच्या लढाईत पडले. धाकटे जोरावरसिंग आणि फतेहसिंग यांना सरहिंदला भिंतीत चिणलं, असं परंपरा सांगते. आजी गुजरींनीही तिथेच प्राण सोडला.

१७०८ मध्ये गुरू नांदेडला पोहोचले तेव्हा चौघांपैकी एकही मुलगा उरला नव्हता. ऑक्टोबरात देह ठेवण्यापूर्वी त्यांनी गुरुपद ग्रंथसाहिबाकडे सोपवलं. त्या ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत, हे मराठी माणसाला अनेकदा ठाऊकच नसतं. नांदेडचा गोदाकाठचा आजचा मुख्य गुरुद्वारा मात्र नंतरचा, महाराजा रणजितसिंगांनी १८३० च्या दशकात बांधवलेला.