केरातले नाणे

(लेखांक सहावा)

गेल्या आठवड्यात आपण ऑगस्टिनबरोबर स्मृती, बुद्धी आणि इच्छा या मनाच्या त्रयीत ईश्वराची छाया शोधीत होतो; आज तेथून सुमारे सातशे वर्षे ओलांडून फ्रान्समधील शांपेन प्रांतात, क्लेर्वोच्या मठात यावयाचे आहे. या मठाचा संस्थापक आणि अधिपती बर्नार्ड एकदा चारचौघांत, आपल्या हातून जे काही भले घडले ते सारे देवाच्या कृपेचेच फळ, असे मोठ्या भक्तिभावाने सांगत असता, जवळ उभ्या असलेल्या कोणा एकाने त्यास हटकले, की सारे जर देवच करतो, तर तुम्ही काय करता, आणि मोबदल्याची आशा तरी कशाच्या जोरावर धरता? या इसमाचे नाव बर्नार्डने दिलेले नाही; पण इ. स. ११२८ च्या सुमारास ‘कृपा आणि संकल्पस्वातंत्र्य’ या विषयावर त्याने जो छोटेखानी ग्रंथ लिहिला, त्याचा आरंभच या प्रश्नाने केला, यावरून तो त्यास किती झोंबला असेल, याचा अदमास करता येतो.

त्यापूर्वी अँसेल्म या धर्मचिंतकाने एक महत्त्वाचा मुद्दा निकालात काढला होता: पाप करण्याची मुभा म्हणजे स्वातंत्र्य नव्हे, कारण देव पाप करू शकत नाही आणि तरीही त्याच्याहून स्वतंत्र कोणी नाही. बर्नार्डची वाट निराळी. पशूलाही प्राण आहे, इंद्रिये आहेत, वासना आहे. माणसाजवळ याहून अधिक काय आहे, तर रुकार देण्याची किंवा नाकारण्याची शक्ती. बुद्धी ही या संकल्पाची दासी होय. ती सदैव पाठोपाठ असते, भलेबुरे दाखविते, कानाशी लागते, पण हात धरून ओढीत नाही, कारण ती ओढू लागली तर संकल्प हा संकल्पच उरणार नाही. आपल्या जुन्या कचेऱ्यांच्या भाषेत बोलावयाचे तर मसलत दासीची, शिक्का मात्र धनिणीचा.

आता उत्पत्तीच्या पुस्तकात, देवाने माणसास आपल्या प्रतिमेचा आणि आपल्या सादृश्याचा असा घडविला, असे जे दोन शब्द जोडून आले आहेत, त्यांची बर्नार्डने केलेली वाटणी पाहावी. मूळ हिब्रूत हे दोन शब्द बहुधा एकाच अर्थाची द्विरुक्ती असावेत, असे आजचे अभ्यासक मानतात. पण द्विरुक्तीतून दर्शन उभारणे हा मध्ययुगाचा आवडता उद्योग होता, आणि येथे तो सार्थकी लागला आहे. स्वातंत्र्य तीन प्रकारचे: सक्तीपासून, पापापासून आणि दुःखापासून. पैकी पहिले ती प्रतिमा; उरलेली दोन ते सादृश्य. सादृश्य आदामाने गमावले. प्रतिमा मात्र कोणत्याही अपराधापायी जप्त होत नाही. ती पापी माणसात आहे, सैतानात आहे, आणि (येथे बर्नार्डचे धाडस पाहून आपण क्षणभर थबकतो) सक्तीपासूनचे हे स्वातंत्र्य देवात जितके आहे तितकेच, रतिभरही न्यूनाधिक नाही, असे प्रत्येक बुद्धिमान जीवात आहे.

यासाठी त्याने लूकच्या शुभवर्तमानातील एक घरगुती दाखला घेतला आहे. दहा नाण्यांपैकी एक हरविलेली बाई दिवा लावते, घर झाडते आणि नाणे सापडेपर्यंत शोधते. ते नाणे म्हणजेच माणसातील देवाची प्रतिमा, असे बर्नार्ड म्हणतो. केरात पडून ते काळवंडले, ओळखू येईनासे झाले. पण टाकसाळीतला ठसा त्यावरून पुसला गेला नाही. मात्र, आणि हे विसरता कामा नये, नाणे आपण होऊन केरातून उठत नाही. दिवा आणि झाडू बाईच्याच हातात. मग त्या हटकणाऱ्यास उत्तर काय? तर उद्धाराचे काम कृपा आणि संकल्प यांच्यात अर्धेलीच्या शेतासारखे वाटलेले नाही; ते सगळेच कृपेचे आणि सगळेच संकल्पाचे, कारण कृपा जे करते ते संकल्पाच्या ठायीच करते, आणि संकल्पाचे काम म्हणजे तिला दिलेला रुकार.

येथवर सारे उदात्त आहे. पण जी वस्तू कोणी हिरावू शकत नाही, तिच्याबाबत जबरदस्तीची सबबही पुढे करता येत नाही, आणि बर्नार्ड हा हिशेब थेट येशूचा शिष्य पेत्र याच्या दारी नेतो. महायाजकाच्या अंगणात, विस्तवाशी शेकत असता, एका दासीने ओळखताच, ज्याने प्राणभयाने आपल्या गुरूस नाकारले, त्या पेत्रावर सक्ती झाली, असे आपण म्हणू. बर्नार्ड म्हणतो, नाही. पेत्राचे गुरूवर प्रेम होते, हे खरे. पण जगावे ही इच्छा त्याहून बळकट होती, आणि ती भयाने उत्पन्न केली नाही, केवळ उघडकीस आणली. देहास कोणी मारू शकेल, संकल्पास होकार द्यावयास लावू शकणार नाही. तर्क बिनतोड आहे, आणि मला तो निर्दय वाटतो. छळापुढे मोडलेल्या माणसाच्या वेदनेस या तराजूत वजनच नाही.

ज्या मित्रास हा ग्रंथ अर्पण केला, त्या सँ-तिएरीच्या विल्यमने पुढे बर्नार्डचे चरित्र लिहावयास घेतले. इ. स. १११३ च्या सुमारास, ऐन विशीत, भाऊ आणि आप्तस्नेही मिळून सुमारे तीस जणांना घेऊन हा तरुण सितोच्या मठात दाखल झाला, तेव्हाची हकिकत त्यात आहे: त्याच्या वाणीचा असा काही दरारा पसरला, की आया मुलांना दडवू लागल्या आणि बायका नवऱ्यांना. बर्नार्डच्या शास्त्राप्रमाणे त्या तिसांतील प्रत्येकाने रुकार आपला आपणच दिला, हे मान्य केलेच पाहिजे. दार लावून बसलेल्या त्या आयांचे मत मात्र कोणी विचारल्याचे दिसत नाही.