मैदान वाचले, मुले मैदानावर कधी येणार?

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नेरूळच्या डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. नवी मुंबईभर फटाके वाजले, आमच्या वस्तीतही वाजले. त्याच आठवड्यात तुर्भे भागातल्या अभ्यासिकेत आम्ही मुलींना विचारले, "तुमच्यापैकी रोज खेळते कोण?" पंचवीस-तीस मुलींत दोन हात वर झाले. बाकीच्यांची कारणे साधी होती. पीटीचा तास गणिताला जातो. घरी पाणी भरायचे असते. मैदानावर मोठी पोरे असतात. आणि अंधार पडला की आई ओरडते.

५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी किमान ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. याच संघटनेचा जगभरातला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार ११ ते १७ वयाच्या शाळकरी मुलांपैकी ८१ टक्के एवढी हालचाल करत नाहीत. मुलग्यांत हे प्रमाण ७८ टक्के, तर मुलींत ८५ टक्के.

आमच्या लोकांना वाटते, वजन वाढणे हे श्रीमंतांच्या पोरांचे दुखणे. आमची पोरे तर काटकुळी! पण काटकुळे म्हणजे निरोगी नव्हे. केंद्र सरकारच्या २०१६-१८ च्या सर्वेक्षणात देशातील १० ते १९ वयाची २४ टक्के मुले वयाच्या मानाने कृश आढळली आणि ५ टक्के मुलांचे वजन जास्त आढळले. एकाच देशात, कधी एकाच चाळीत, दोन्ही आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील माता व बालकांचा वर्षानुवर्षे अभ्यास करून दाखवले, की आपल्याकडची बाळे वजनाने कमी असूनही अंगात मांस कमी आणि चरबी तुलनेने जास्त घेऊन जन्मतात. अशा शरीराला पुढे बैठे आयुष्य आणि पाकिटातले तळण मिळाले, की मधुमेह लवकर दार ठोठावतो. पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या समाजाने ही गोष्ट सर्वांत आधी समजून घेतली पाहिजे. वजनकाटा सर्व काही सांगत नाही. पोरगा न थांबता किती पळतो, जिना चढताना धापा टाकतो का, हेही पाहा.

पण पळायचे कुठे? मैदान कुणाचे, हा प्रश्न या देशात नवा नाही. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले थोर गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. त्याच बाळूंना पुण्यात सवर्ण खेळाडूंपासून वेगळा, मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. त्यांची गोलंदाजी चालत होती, त्यांचा स्पर्श चालत नव्हता. आज मातीचे भांडे नाही, पण कुलूप आहे आणि तासाच्या भाड्याचे टर्फ आहे. ज्याच्या खिशात पैसा, त्याचे मैदान. काही वर्षांपूर्वी कुलूपबंद मैदानात उडी मारून क्रिकेट खेळले म्हणून आमच्या वस्तीतील चार पोरांना पोलीस ठाण्यात बसवले होते. त्यांना सोडवायला आम्ही गेलो. त्यांचा गुन्हा एवढाच, की त्यांना खेळायचे होते.

घणसोलीचे प्रकरण प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावे. तेथे २००३ मध्ये शासकीय क्रीडा संकुलासाठी २० एकर जागा ठरली. संकुल उभे राहिले नाही. २०१६ मध्ये सिडकोने त्यातील जमीन खासगी विकासकाला दिली आणि २०२१ मध्ये शासनाने संकुल माणगाव तालुक्यातील नाणोरे येथे न्यायचे ठरवले. अंतर सुमारे ११५ किलोमीटर! घणसोलीच्या पोराने खेळायला माणगावला जायचे? २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे निर्णय रद्द केले. सिडको सर्वोच्च न्यायालयात गेली, तेथेही तिला दाद मिळाली नाही. उलट, उरल्यासुरल्या हिरव्या जागा बिल्डरांच्या घशात घालण्याच्या वृत्तीवर न्यायालयाने कडक शब्दांत बोट ठेवले.

ही जनहित याचिका कुणी केली? वास्तुविशारदांच्या संस्थेच्या नवी मुंबई केंद्राने. त्यांचे अभिनंदन. पण मैदानाची सर्वांत जास्त गरज ज्यांच्या मुलांना, ते आम्ही कुठे होतो? जातीच्या दाखल्यासाठी, शिष्यवृत्तीसाठी आम्ही कोर्टाची पायरी चढतो. मैदान हा हक्क आहे, हे आमच्याच लक्षात आले नाही. ही चूक आम्ही कबूल करतो.

हा हक्क कागदावर आहे. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या कलम ३१ मध्ये खेळाचा हक्क आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला क्रीडांगण असले पाहिजे, असे लिहिले आहे. तेव्हा १० रुपयांचे शुल्क भरा आणि माहितीच्या अधिकारात विचारा : आमच्या प्रभागात खेळासाठी राखीव भूखंड किती? ते कुणाच्या ताब्यात? शाळा सुटल्यावर वस्तीतील मुलांना शाळेचे मैदान खुले करण्याची अट करारात आहे का? उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. उत्तर हाती आले की पुढची लढाई आपली.

तोवर हातावर हात धरून बसू नका. विहाराचे अंगण संध्याकाळी रिकामे असते. तेथे दोरीउड्या, लंगडी, कबड्डी सुरू करा. मुलींसाठी एक तास राखून ठेवा आणि महिला मंडळातील दोघी-तिघींनी तेथे बसावे, म्हणजे आईचे ओरडणे थांबेल. जाड्या पोराला 'ढोल्या' म्हणू नका, तो उद्या येणार नाही. उपाशी राहून बारीक होणाऱ्या मुलीला सिद्धार्थाची गोष्ट सांगा. देह सुकवून काही हाती लागत नाही हे त्याने जाणले, सुजाताची खीर घेतली आणि मगच तो ज्ञानाकडे वळला. जिममधल्या पावडरीचे डबे आणणाऱ्या पोरांनाही हीच गोष्ट सांगा.

आम्ही आमच्या अभ्यासिकेत आता पाऊण तास पुस्तक आणि एक तास खेळ असा नियम केला आहे. पुढच्या वेळी "खेळते कोण?" असे विचारू, तेव्हा सगळे हात वर झाले पाहिजेत.