ओझोनमापकाची पारख

पिंपरी-चिंचवड व चाकण येथील कारखाने आणि वाहने यांतून नत्राची ऑक्साइडे व हायड्रोकार्बने हवेत मिसळतात. सूर्यप्रकाशात त्यांपासून ओझोन बनतो. भोसरी, निगडी येथील केंद्रे जमिनीलगतचीच हवा मोजतात. वरच्या थरांतील ओझोनचे मोजमाप करावयाचे तर फुग्याबरोबर ओझोनमापक वर पाठवावा लागतो. भारतीय हवामान खात्याने १९६० नंतरच्या दशकात पुण्यास असे उपकरण सिद्ध केले.

त्याचे तत्त्व सोपे आहे. लहानसा पंप हवा पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणातून नेतो. ओझोनमुळे आयोडीन मुक्त होते आणि ओझोनच्या प्रत्येक रेणूमागे दोन इलेक्ट्रॉन मंडलातून वाहतात. प्रवाह मोजला की ओझोन कळला, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु ओझोनरहित हवेतही किंचित प्रवाह वाहतच असतो, आणि विरळ हवेत पंपाची कार्यक्षमता घटते. म्हणून उड्डाणापूर्वी हा मूळ प्रवाह, पंपाचा वेग व प्रतिसादास लागणारा काळ तपासावा लागतो. १९९६ साली जर्मनीतील युलिश येथे उच्च वातावरणाचा दाब व तापमान निर्माण करणाऱ्या कक्षात निरनिराळ्या देशांची उपकरणे एकत्र पारखण्यात आली. त्यांत भारतीय उपकरणही होते.

शब्दाचा अर्थ जसा इतर शब्दांशी असलेल्या भेदाने निश्चित होतो, तसा आकड्याचा अर्थही तुलनेनेच ठरतो. ही पारख वगळली, तर उपकरणातील बदल हाच हवेतील बदल समजला जाईल. मग कारखान्यांवर नसता दोष तरी येईल, किंवा त्यांचा खरा दोष झाकला तरी जाईल.