हातातली वस्तू कोण बदलते?

‘पोकेमॉन’ या जपानी कार्टून मालिकेच्या सुरुवातीच्या एका भागात ब्रॉक हे पात्र आपल्या सोबत्यांना खाऊ देते. पांढरे, तिकोनी भाताचे गोळे, खालून समुद्रशेवाळाची काळी पट्टी. जपानी मुलाला ती ओनिगिरी आहे हे सांगावे लागत नाही. आपल्या पोळीभाजीसारखा तो तिथला डब्यातला रोजचा पदार्थ. मात्र १९९८ मध्ये ही मालिका अमेरिकेत आली, तेव्हा इंग्रजी संवाद तयार करणाऱ्या फोरकिड्स कंपनीने ब्रॉककडून त्या गोळ्यांना जेली भरलेले डोनट म्हणवले. डोळ्यांना दिसत होता भात आणि कानांवर पडत होते डोनट. पुढच्या काही वर्षांत ही विसंगतीही मिटवण्यात आली. काही दृश्यांत ओनिगिरीवर रंग फिरवून तिथे सरळ सँडविच काढले गेले. याच कंपनीने २००४ मध्ये ‘वन पीस’ अमेरिकेत आणली, तेव्हा सांजी या आचाऱ्याच्या ओठांतली सिगारेट गेली आणि लॉलिपॉप आला. धूर पुसला, कांडी ठेवली. ओठांच्या कोपऱ्यात ती धरण्याची सराईत ढबही तशीच राहिली. ‘यू-गी-ओ’मध्ये तर गुंडांच्या हातांतली पिस्तुले खोडली, पण हात तसेच ताणलेले राहिले. त्यामुळे काळ्या कोटातली धिप्पाड माणसे नुसते बोट रोखून कुणालातरी घाबरवत आहेत, असे विनोदी दृश्य तयार झाले.

अशा बदलांमागे नेहमी एकच कारण सांगितले जाते: मुलांचे हित. त्या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात. सिगारेट किंवा पिस्तूल हटवणे म्हणजे अपायाचा विचार. भाताचा गोळा हटवणे म्हणजे परकेपणाची भीती, आणि ती मुलांना नसून बाजाराला असते. ‘डोरेमॉन’ २०१४ मध्ये डिस्नेच्या वाहिनीवर अमेरिकेत सुरू झाली, तेव्हा नोबिताचा नोबी झाला, चॉपस्टिकच्या जागी काटे आले, येनच्या नोटांचे डॉलर झाले आणि भाजलेली रताळी विकणारी गाडी पॉपकॉर्नची गाडी बनली. भाजलेल्या रताळ्याने कुठल्या मुलाचे काय बिघडणार होते? उलट पोषणाच्या दृष्टीने पाहिले तर हा सौदा तोट्याचाच म्हणायचा.

परकी वस्तू मुलांना समजत नाही, त्यामुळे गोष्टीत त्यांचे मन लागत नाही, असा यावर आक्षेप घेता येईल. त्याचे उत्तर आपल्याच घरांत आहे. भारतात २००५ पासून ‘डोरेमॉन’ दिसते आहे. नोबिताच्या घरातली सरकती दारे, जमिनीवरच्या चटया, कपाटात झोपणारा डोरेमॉन, यांतले काहीही भारतासाठी नव्याने रंगवले गेले नाही. डोरेमॉनच्या आवडत्या दोरायाकीला हिंदीत ‘डोरा केक’ म्हटले गेले, एवढेच. चित्रातला पदार्थ तोच राहिला. पुण्या-नागपुरातल्या ज्या मुलांना जपान नकाशावर दाखवता येणार नाही, ती तो पदार्थ घरी करून मागतात, आणि मराठीत त्याच्या पाककृतींचे व्हिडिओही निघाले आहेत. अनोळखी वस्तू हा अडथळा असता तर ही मालिका इथे महिनाभरही टिकली नसती.

तरीही प्रत्येक बदल वाईट असे म्हणणे चूक ठरेल. बेल्जियन चित्रकार मॉरिस यांच्या लकी ल्यूक या काऊबॉयच्या तोंडातली सिगारेट १९८३ मध्ये गेली आणि तिथे गवताची काडी आली. हा बदल खुद्द निर्मात्याने केला आणि पुढे त्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरवही केला. सिगारेटच्या बाबतीत कार्टूनवाल्यांचा इतिहास फारसा निर्मळ नाही, हेही ध्यानात घ्यायला हवे. ‘द फ्लिंटस्टोन्स’ १९६० मध्ये सुरू झाली तेव्हा तिचा एक प्रायोजक विन्स्टन सिगारेट होता आणि जाहिरातीत फ्रेड आणि बार्नी स्वतः ती ओढताना दिसत. ती मालिका तेव्हा रात्रीच्या वेळी, मोठ्यांनाही धरून दाखवली जाई, हे खरे. पण पात्राच्या हातात काय द्यायचे, हे पैसा देणारा ठरवू शकतो, हा धडा तिथे गिरवला गेला. आज तंबाखू हटवणारे त्या जुन्या चुकीची भरपाईच करत आहेत, आणि त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही.

तक्रार आहे ती कात्री कुठे थांबते याबद्दल. याचे सर्वात बोलके उदाहरण मुंबईचे आहे. जपानमध्ये १९६६ पासून गाजलेल्या ‘क्योजिन नो होशी’ या बेसबॉलच्या चित्रकथेचा भारतीय अवतार ‘सूरज : द रायझिंग स्टार’ डिसेंबर २०१२ मध्ये कलर्स वाहिनीवर आला. बेसबॉलच्या जागी क्रिकेट, टोकियोच्या जागी मुंबईची झोपडपट्टी. इथपर्यंतचा बदल उत्तमच, कारण त्यात गोष्ट नव्या मातीत पुन्हा लावली गेली. मूळ गोष्टीत बाप मुलाच्या अंगावर स्प्रिंगांचा सांगाडा चढवून सराव करून घेतो. तो इथे छळ वाटेल म्हणून त्या जागी सायकलच्या ट्यूब आल्या. मुंबईतल्या गरीब घरात स्प्रिंगांच्या यंत्रापेक्षा ट्यूब जास्त शोभतात, म्हणजे कथेच्या दृष्टीनेही ही निवड चांगली. पण त्याच पडद्यावर प्रायोजक जपानी कंपन्यांच्या मालालाही जागा मिळाली. प्रायोजकांत सुझुकी होती आणि कोकुयोही होती. दांडेकरांनी १९३१ मध्ये उभी केलेली, मराठी शाळकरी मुलांच्या कंपासपेटीतून आणि रंगपेटीतून घरोघरी पोचलेली कॅमलिन याच कोकुयोने २०११ मध्ये ताब्यात घेतली होती. मुलाच्या नजरेला काय झेपेल याची एवढी बारीक चिंता वाहणाऱ्यांना, त्याच नजरेसमोर विक्रीचा माल ठेवताना अवघडल्यासारखे वाटले नाही.

प्रायोजकाशिवाय मालिका निघणारच नाही, असे निर्माते म्हणतील, आणि ते खोटे नाही. ॲनिमेशन महाग असते. खेळणी, दप्तरे आणि डबे विकूनच बहुतेक मालिकांचा खर्च निघतो. पण म्हणूनच नियमांची नजर वस्तूवर हवी, आणि नेमकी तिथेच ती जात नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकात बंधने सैल झाल्यावर ‘ही-मॅन’सारख्या खेळण्यांवरून बेतलेल्या मालिकांचा पूर आला. त्यानंतर १९९० च्या कायद्याने मुलांच्या कार्यक्रमांतल्या जाहिरातींना तासाला शनिवार-रविवारी साडेदहा आणि इतर दिवशी बारा मिनिटांची मर्यादा घातली. एखाद्या मालिकेच्या मध्यंतरात त्याच मालिकेच्या खेळण्याची जाहिरात आली, तर अख्खी मालिकाच जाहिरात धरली जाते. मात्र जाहिरात न लावता नायकाने ते खेळणे वीस मिनिटे हातात नाचवले, तर चालते. ज्या तलवारीने मुले एकमेकांना झोडपतील ती तलवार, दुकानात तिची प्लॅस्टिकची प्रत टांगलेली असेल, तर सहसा खोडली जात नाही.

याउलट खऱ्या कंपनीचे नाव फुकट दिसू नये याची काळजी फार घेतली जाते. जपानी कार्टूनमध्ये पात्रे बर्गर खायला जातात ते अनेकदा ‘वॅकडोनाल्ड्स’मध्ये: तीच पिवळी कमान, फक्त उलटी केलेली, म्हणजे खटला नको. वर्षानुवर्षे ही नुसती पळवाट होती. २०२४ च्या फेब्रुवारीत मॅकडोनाल्ड्सने स्वतःच ते नाव उचलले, तीसहून अधिक देशांत उलट्या कमानीची वेष्टने काढली, कार्टूनच्या शैलीत छोटे चित्रपट करून घेतले आणि सोबत नवा सॉसही विकायला ठेवला.