फॉस्फोलिपिडरोधी लक्षणसमूह व न्यूट्रोफिल

फॉस्फोलिपिडांशी (कोशिकापटलातील फॉस्फरसयुक्त वसांशी) बद्ध होणाऱ्या स्वतःच्याच प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण होऊन रोहिणी वा नीलांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होणे (अंतर्क्लथन) किंवा वारंवार गर्भपात होणे, अशा आत्मप्रतिरक्षाजन्य विकारास फॉस्फोलिपिडरोधी लक्षणसमूह म्हणतात. लंडन येथील ग्रेअम ह्यूझ यांनी १९८३ मध्ये त्याचे वर्णन केले. मुंबईतील संशोधकांनी, कारण न उमगलेले गर्भपात झालेल्या स्त्रियांत या प्रतिपिंडांचा शोध घेतला (२००८).

परीक्षानलिकेत ही प्रतिपिंडे क्लथन घटकांना लागणारी फॉस्फोलिपिडे अडवून धरतात व क्लथनास विलंब लावतात. त्यामुळे त्यांच्यापैकी एका गटास १९७२ मध्ये ‘ल्युपस क्लथनरोधक’ हे दिशाभूल करणारे नाव मिळाले व ते अद्याप रूढ आहे. शरीरात मात्र ती वाहिन्यांचे अस्तर, बिंबाणू आणि श्वेतकोशिका यांना उद्दीपित करून गुठळ्या घडवितात.

श्वेतकोशिकांपैकी सर्वांत विपुल असलेल्या न्यूट्रोफिलांचे मुख्य कार्य जंतुभक्षणाचे. त्या आपल्या केंद्रकातील डीएनए व प्रथिने यांचे जाळे बाहेर फेकून जंतूंना त्यात अडकवितात, असे बर्लिन येथे २००४ मध्ये आढळले. या जाळ्यात बिंबाणूही अडकतात व थ्राँबिनाची निर्मिती वाढते. रुग्णांची प्रतिपिंडे न्यूट्रोफिलाच्या पृष्ठावरील बीटा-२ ग्लायकोप्रोटीन-१ या प्रथिनास चिकटतात. तेथून आत गेलेल्या संदेशाने ऑक्सिजनाचे विक्रियाशील रेणू तयार होतात आणि जंतू नसतानाही जाळे बाहेर पडते, हे अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात २०१५ मध्ये दाखविण्यात आले.

या संदेशवहनास नैसर्गिक लगामही आहे. कोशिकेबाहेरील एटीपीच्या विघटनातून ॲडिनोसीन बनते. ते न्यूट्रोफिलावरील ए२ए या ग्राहीस जोडले गेले की, कोशिकेत चक्रीय एएमपी वाढते व जाळे सोडण्याची क्रिया मंदावते. डायपिरिडॅमॉल हे बिंबाणूंवरील जुने औषध ॲडिनोसिनाचे पुनर्शोषण व चक्रीय एएमपीचा नाश या दोन्ही गोष्टी रोखते. प्रतिपिंडे टोचलेल्या उंदरांत त्याने अंतर्क्लथन कमी झाले (२०१९). मात्र प्राण्यांवरील हा निष्कर्ष म्हणजे रुग्णोपचार नव्हे. शिवाय न्यूट्रोफिलांना फार आवर घातल्यास संसर्गाचा धोका संभवतो.

संसर्गानंतर ही प्रतिपिंडे तात्पुरती दिसू शकतात. म्हणून किमान १२ आठवड्यांनी चाचणी पुन्हा करून मगच निदान निश्चित करतात. गुठळी झालेल्या रुग्णास बहुधा दीर्घकाळ वॉरफरीन द्यावे लागते. त्यात रक्तस्रावाचा धोका असतो व तरीही काहींना गुठळ्या पुन्हा होतात. गर्भास अपाय होत असल्याने गर्भारपणी वॉरफरिनाऐवजी हेपारीन व अल्प मात्रेत ॲस्पिरीन देतात. रिव्हरॉक्साबान हे नवे क्लथनरोधक, तिन्ही चाचण्या सकारात्मक असलेल्या रुग्णांत वॉरफरिनापेक्षा कमी सुरक्षित ठरले (२०१८).