छातीवर कोण बसतं?

वसतिगृह कुठलंही असो, त्यातली एखादी खोली बदनाम असतेच. तिथे झोपलेल्या कुणाला तरी कधीतरी पहाटे जाग आलेली असते. पंखा फिरताना दिसत होता, शेजारच्या कॉटवरचं घोरणं ऐकू येत होतं, पण बोटही हलेना. ओरडायला गेला तर आवाज फुटेना. दाराशी कुणीतरी उभं होतं. ते जवळ आलं आणि छातीवर बसलं. सकाळी तो हे सांगतो तेव्हा आणखी दोघं दबक्या आवाजात कबूल करतात की त्यांनाही असंच झालं होतं. खोलीचं नाव तिथेच पक्कं होतं.

या मुलांना कुणी वेड्यात काढू नये. त्यांना जे दिसलं, जाणवलं, ते खरोखरच जाणवलेलं असतं. घोळ होतो तो त्याचा अर्थ लावताना, आणि अर्थ चुकला की भीती वाढते, भीतीने झोप उडते, आणि अपुऱ्या झोपेमुळे तोच अनुभव पुन्हा येतो. म्हणून या विषयावरचे गैरसमज नुसते चुकीचे नाहीत, ते त्रास वाढवणारे आहेत.

"मुंजा बसला, हडळ बसली, कुणीतरी करणी केली"

रात्रभराची झोप एकसारखी नसते. साधारण ९० मिनिटांचं एक आवर्तन, अशी चार-पाच आवर्तनं होतात. प्रत्येकाच्या शेवटी एक टप्पा येतो, ज्यात बंद पापण्यांखाली बुबुळं झरझर फिरतात आणि मेंदू जागेपणीइतकाच कामात असतो. ठसठशीत, गोष्टीसारखी स्वप्नं बहुतेक याच वेळी पडतात. शिकागो विद्यापीठातल्या युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी १९५३ साली हा टप्पा जगापुढे मांडला. त्याला 'रेम' झोप म्हणतात.

स्वप्नात आपण धावतो, भांडतो, पडतो. शरीरही तसंच करू लागलं तर रोज रात्री हाडं मोडतील. ते होऊ नये म्हणून या टप्प्यात मेंदूच्या तळाशी असलेला भाग हातापायांचे स्नायू पूर्ण ढिले करून टाकतो. फ्रान्समधल्या लिऑं शहरात मिशेल जूवे यांनी मांजरांवर प्रयोग केले. मेंदूतल्या या यंत्रणेला इजा झालेली मांजरं रेम झोपेत उठत आणि समोर नसलेल्या भक्ष्यावर झडप घालत. म्हणजे स्नायूंचं हे ढिलं पडणं आपलं रक्षणच करतं.

कधीकधी मात्र जाग आधी येते आणि स्नायू मागाहून जागे होतात. मधले काही सेकंद, कधी एखाद-दोन मिनिटं, माणूस जागा असतो आणि शरीर अजून झोपेत. हाच स्लीप पॅरालिसिस. स्वप्नही पुरतं संपलेलं नसतं, त्यामुळे त्यातली चित्रं खऱ्या खोलीत मिसळतात. मेंदूतलं धोका हुंगणारं केंद्र त्या वेळी जोरात चालू असतं; धोका दिसला नाही तरी कुणीतरी आहे असं ते बजावत राहतं. छातीवरचं ओझंही असंच उमगतं. श्वासपटल, म्हणजे फुप्फुसांखालचा मोठा स्नायू, नेहमीसारखा चालू असतो, पण बरगड्यांमधले स्नायू ढिले असतात. घाबरलेला माणूस खोल श्वास ओढू पाहतो, तो ओढला जात नाही, आणि वाटतं की कुणीतरी दाबून धरलंय.

हे फक्त आपल्याकडेच घडत नाही. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर म्हातारी चेटकीण छातीवर बसते, तुर्कस्तानात काराबासान येतो, जपानात या जखडलं जाण्याला कानाशिबारी म्हणतात. हेन्री फ्युसेली या चित्रकाराने १७८१ साली निजलेल्या स्त्रीच्या छातीवर बसलेला ओंगळ जीव रंगवला. ते चित्र आज अमेरिकेत डेट्रॉइटच्या संग्रहालयात आहे. ब्राझीलच्या लोककथेतली पिसादेइरा तर भरल्या पोटी उताणं झोपणाऱ्यांनाच गाठते. त्या कथेत निरीक्षण आहे: उताणं झोपल्यावर हा प्रकार जास्त होतो, हे अभ्यासांतही दिसतं. भुतं देशोदेशी बदलतात. घडणारी गोष्ट सगळीकडे तीच राहते.

त्या भुताच्या गोष्टीचा परिणाम मात्र खरा असतो. बालंद जलाल आणि डेव्हन हिंटन यांनी २०१३ साली इजिप्त आणि डेन्मार्कमधल्या लोकांची तुलना केली. जिथे असं होणं जिन किंवा दुष्ट शक्तीचं काम मानलं जातं त्या इजिप्तमध्ये लोकांना हा अनुभव जास्त वेळा येत होता, तो लांबत होता आणि आपण आता मरणार ही भीतीही जास्त होती. मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. बदनाम खोलीत झोपायला जाणारा मुलगा आधीच टक्क जागा असतो, अर्धवट झोपतो, आणि वसतिगृहाचं भाकीत स्वतःच खरं करतो.

"हे फक्त मनाने कमकुवत लोकांना होतं"

आयुष्यात एकदा तरी हा अनुभव आलेले लोक सर्वसाधारण लोकसंख्येत सुमारे ८ टक्के, तर विद्यार्थ्यांमध्ये सुमारे २८ टक्के आढळतात. अनेक देशांतल्या ३५ अभ्यासांचा एकत्र आढावा २०११ साली घेतला गेला, त्यातले हे आकडे. विद्यार्थी पुढे का, हे समजायला पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका पाहाव्यात. रात्री दोनपर्यंत अभ्यास, सकाळी सातला क्लास, दुपारी कॉटवर तासभर डुलकी, वर निकालाचं दडपण. पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या परिचारिका, कॉल सेंटरमधली मुलं, विमानप्रवासाने दिवस-रात्र उलटी झालेली माणसं यांनाही हाच धोका. इथे मनाच्या ताकदीपेक्षा झोपेचं वेळापत्रक जास्त बोलतं.

"त्यातच जीव जाऊ शकतो"

या अवस्थेत श्वास चालू असतो, हृदय चालू असतं, आणि ती आपोआप सुटते. पण ही भीती आली कुठून? आग्नेय आशियातून अमेरिकेत गेलेल्या निर्वासितांमध्ये, विशेषतः ह्मोंग समाजात, १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून धडधाकट तरुण पुरुष झोपेत दगावू लागले. समाजाने छातीवर बसणाऱ्या आत्म्याला दोष दिला. पुढे अशा अनेक मृत्यूंचा संबंध ब्रुगाडा सिंड्रोम या हृदयाच्या ठोक्यांच्या आनुवंशिक बिघाडाशी जोडला गेला. १९९२ साली त्याचं वर्णन झालं. घरात कुणी तरुणपणी अचानक झोपेत गेलं असेल, किंवा स्वतःला चक्कर येऊन शुद्ध हरपत असेल, तर ईसीजी काढावा. बाकीच्यांनी निर्धास्त राहावं.

शरीर जखडलेलं असताना, प्रत्यक्ष त्या क्षणी काय करावं? झटापट करू नये. जोर लावूनही शरीर हललं नाही की घाबरगुंडी वाढते. हे मला माहीत आहे, हे मिनिटभरात संपेल, असं मनात म्हणावं. दाराकडच्या आकृतीकडे लक्ष न देता आवडत्या माणसावर, नामस्मरणाची सवय असेल तर त्यावर मन ठेवावं आणि श्वास जसा चाललाय तसा चालू द्यावा. शेजारी कुणी झोपत असेल तर त्याला आधीच सांगून ठेवावं. नुसत्या स्पर्शानेही ही अवस्था बऱ्याचदा मोडते. सुटल्यावर लगेच पुन्हा उताणं पडू नये. उठावं, दिवा लावावा, घोटभर पाणी प्यावं आणि कुशीवर झोपावं.

"पहाटेचं स्वप्न खरं होतं, आणि वाईट स्वप्न कुणाला सांगू नये"

रात्र सरत जाते तशी रेम झोप लांबत जाते. म्हणून पहाटे स्वप्नं जास्त, लांबलचक आणि भावनांनी भरलेली असतात. त्यातूनच जाग आल्यामुळे ती लक्षातही राहतात. त्यांच्यात भविष्य नसतं. पहाटे वडिलांचा मृत्यू स्वप्नात पाहून दिवसभर कासावीस झालेल्या मुलीला हे कुणीतरी सांगायला हवं.

आणि न सांगण्याचा सल्ला तर उलटाच आहे. वारंवार पडणाऱ्या भयस्वप्नांवर जो उपाय चांगला ठरला आहे, तो सांगण्यापासून सुरू होतो. दिवसा, शांत असताना ते स्वप्न लिहायचं. मग त्यात हवा तो बदल करायचा: पाठलाग करणारा वळून निघून जातो, बंद दार उघडतं, हाकेला कुणी धावून येतं. हे नवं स्वप्न रोज दहा-वीस मिनिटं डोळ्यांपुढे आणायचं. बॅरी क्रॅकॉव आणि सहकाऱ्यांनी लैंगिक अत्याचारातून गेलेल्या स्त्रियांना ही पद्धत शिकवली. त्यांची भयस्वप्नं घटली आणि झोप सुधारली, असं २००१ साली प्रसिद्ध झालं. सौम्य स्वप्नांवर घरी करून पाहता येतं. मोठ्या आघाताची स्वप्नं असतील तर मानसोपचारतज्ज्ञ सोबत हवा.

लहान मुलांचं थोडं वेगळं. झोपल्यावर तास-दोन तासांत मूल किंचाळत उठतं, घामाने भिजतं, आईलाही ओळखत नाही आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही. हे स्वप्न नसतं. गाढ झोपेतून अर्धवट जाग आलेली असते. त्याला गदागदा हलवू नये, लागणार नाही एवढं पाहावं, ते आपणच निजतं. आजीने मीठ-मोहरीने दृष्ट काढली तर बिघडत नाही. बिघडतं ते मांत्रिकाकडे नेल्यावर. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरच्यांची धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

डॉक्टरांकडे जायची कारणं नेमकी आहेत. रात्री पुरेशी झोप होऊनही दिवसा अनावर झोप येत असेल, हसताना किंवा रागावताना गुडघ्यातलं बळच जात असेल, तर नार्कोलेप्सी तपासावी. जोरात घोरणं आणि मध्येच श्वास थांबणं असेल तर तेही सांगावं. रक्तदाबाची किंवा नैराश्याची गोळी सुरू केल्यावर, किंवा दारू एकदम सोडल्यावर भयस्वप्नं सुरू झाली असतील, तर गोळी स्वतःहून बंद न करता विचारावं. पन्नाशी ओलांडलेला माणूस झोपेत लाथा-बुक्क्या मारू लागला, तर हसण्यावारी नेऊ नये. जूवेच्या मांजरांसारखंच तिथे स्नायू ढिले पडणं बंद झालेलं असतं, आणि पार्किन्सनसारख्या आजाराची ती फार आधीची खूण असू शकते, म्हणून मज्जाविकारतज्ज्ञाला दाखवावं. आणि भीतीने झोपायलाच नको वाटत असेल, तर केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते.