पडण्याच्या नोंदी, दुखण्याच्या नोंदी

१९६० साली इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनचे डॉक्टर जोसेफ शेल्डन यांनी २०२ वृद्धांच्या पडण्याच्या ५०० घटना एकेक करून तपासल्या. कोण जिन्यावर पडलं, कोण अडखळलं, कोणाला अंधारात दिसलं नाही. जवळपास चौथाई वेळा तर पाय नुसतेच गळाले होते. माणूस शुद्धीवर, पण जमिनीवर. ‘वय झालं, पडायचंच’ या समजुतीला छेद देणारं हे काम होतं. पुढे बरीच वर्षं मात्र त्याचा फारसा पाठपुरावा झाला नाही.

खरी गती आली १९८८ मध्ये. येल विद्यापीठाच्या मेरी टिनेटी यांनी पंचाहत्तरीपुढच्या ३३६ जणांवर वर्षभर लक्ष ठेवलं. त्यातले ३२ टक्के एकदा तरी पडले. झोपेच्या किंवा गुंगीच्या गोळ्या, पायांतली अशक्तता, चालीतला दोष, पावलांच्या तक्रारी, बुद्धीची मंदावलेली गती अशी कारणं पुढे आली. यातलं एकही नसेल तर पडण्याची शक्यता ८ टक्के, चार किंवा जास्त असतील तर ७८. म्हणजे पडणं हा नशिबाचा भाग राहिला नाही. १९९४ मध्ये त्यांच्याच चमूने ही कारणं एकेक करून हाताळली, तेव्हा वर्षभरात त्या गटातले ३५ टक्के पडले, तुलनेच्या गटातले ४७ टक्के.

त्या १९८८च्या यादीत दुखण्याला स्वतःचं कलम नव्हतं. आपल्याकडेही आजी न्हाणीघरात पडल्या की पहिला प्रश्न फरशी ओली होती का, हा असतो. गुडघा किती दिवस ठणकत होता, हे कोण विचारतो?

न्यूझीलंडच्या डुनेडिनमधलं काम मला या साऱ्यात सर्वांत जवळचं वाटतं, कारण ते घरात शिरलं. १९९७ मध्ये जॉन कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी ऐंशीपुढच्या २३३ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या निम्म्या जणींकडे फिजिओथेरपिस्ट जाई, घोट्याला वजनं बांधून पाय उचलायला लावी, एका पायावर उभं राहायला, टाचेला बोटं टेकवत चालायला शिकवी, आणि फेरफटका मारायला सांगे. पडण्याचं प्रमाण घटलं. मग १९९९ मध्ये त्यांनी ९३ जणांच्या झोपेच्या आणि मनावरच्या गोळ्यांना हात घातला. निम्म्यांच्या कॅप्सूलमधलं औषध १४ आठवड्यांत हळूहळू कमी करत शून्यावर आणलं, बाहेरून कॅप्सूल तीच. पडण्याचा धोका ६६ टक्क्यांनी उतरला! एवढा मोठा फरक या क्षेत्रात क्वचितच दिसतो. पण प्रयोग संपल्यावर महिन्याभरात, ज्यांची गोळी पूर्ण सुटली होती त्यांच्यातल्या जवळपास निम्म्यांनी ती पुन्हा सुरू केली. तिच्याशिवाय कित्येक आठवडे निभावलं होतं, तरी.

दुखण्याची दखल घेतली ती बॉस्टनने. सुझान लेव्हेल यांच्या २००९च्या अभ्यासात सत्तरीपुढच्या ७४९ जणांकडून दर महिन्याला कॅलेंडरचं पोस्टकार्ड भरून घेतलं जाई. कधी पडलात, हे त्यावर टिपायचं, आणि दुखणं किती होतं, तेही. १८ महिन्यांत १,०२९ वेळा माणसं पडली. दोन किंवा जास्त सांधे दुखणारे सांधेदुखी नसलेल्यांपेक्षा ५३ टक्के अधिक वेळा पडत होते. ज्या महिन्यात दुखणं तीव्र, त्याच्या पुढच्याच महिन्यात पडण्याची शक्यता ७७ टक्क्यांनी जास्त. कळ आली की माणूस पाऊल आखडतं घेतो, भार दुसऱ्या पायावर टाकतो, लक्ष वाटेवरून दुखऱ्या जागेकडे जातं; स्नायू तर आधीच बसून बसून ढिले झालेले.

मग दुखणं दाबून टाकावं, तर तिथेही फास. त्याच २००९ साली अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीने पोट, मूत्रपिंड आणि हृदयाच्या काळजीने वृद्धांना आयबुप्रोफेनच्या गटातली औषधं जपून द्या, आणि दुखणं जास्त असेल तर अफूच्या गटातल्या औषधांचा विचार करा, असा सल्ला दिला. त्या औषधांनी गुंगी येते, तोल जातो. पुढे अमेरिकेत त्यांच्या व्यसनाने काय घडवलं ते जगजाहीर आहे.

पडणं टळावं म्हणून दिलेल्या ड जीवनसत्त्वाची गोष्ट थोडक्यात आटोपते. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियात वर्षातून एकदा पाच लाख युनिट्सचा मोठा डोस दिलेल्या वृद्ध स्त्रिया कमी नव्हे, जास्त पडल्या.

व्यायाम तेवढा टिकून राहिला. कॅथरीन शेरिंग्टन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये १०८ चाचण्या एकत्र मांडल्या, तेव्हा पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. तोल आणि हालचाल सुधारणारे व्यायाम त्यात पुढे. सिडनीत पुण्याच्या अय्यंगार पद्धतीचा योगही ५४ जणांवर करून पाहिला गेला, तोल सुधारला. पण पडणं कमी होतं का, हे ठरवायला तो अभ्यास फार लहान होता. सांधेदुखीवरही आज डॉक्टर आधी व्यायामच सांगतात, म्हणजे पडणं आणि दुखणं या दोन्हींचं औषध एकच निघालं. अडचण एवढीच की गुडघा धरलेला माणूस सर्वांत आधी व्यायामच सोडतो.

२०२० मध्ये अमेरिकेतल्या ८६ दवाखान्यांत ५,४५१ वृद्धांवर मोठी चाचणी झाली. परिचारिका प्रत्येकाचे धोके तपासून उपाय ठरवत होत्या. गंभीर इजा ८ टक्क्यांनी कमी दिसल्या, पण हा फरक योगायोगाचाही असू शकत होता. मला कारण सरळ वाटतं. डुनेडिनमध्ये फिजिओ दारात येत होती. इथे व्यायामासाठी अनेकांना जवळपासच्या वर्गाकडे पाठवलं जात होतं, आणि तिथवर चालत जाणं हेच ज्यांना जड, त्यांच्यासाठी तर सगळा खटाटोप होता.